लोण्यासारखं लँडिंग आणि मागे गेलेली अर्धी धावपट्टी

गेल्या पावसाळ्यातल्या एका रविवारी ताई आमच्या ठाण्याच्या घरी जेवायला आली होती. ताई म्हणजे माझी मावसबहीण. एका विमान कंपनीत ए३२० वर फर्स्ट ऑफिसर आहे. जेवणं झाल्यावर मी तिला माझं ‘कॉकपिट’ दाखवायला नेलं. जुनं टेबल, सत्तावीस इंची मॉनिटर, टेबलाच्या कडेला आवळून बसवलेली सेकंडहँड जॉयस्टिक आणि तिच्याशेजारी थ्रॉटल, एवढाच पसारा. बाहेर पाऊस होता म्हणून सिममध्येही पाऊस लावला आणि मुंबईच्या धावपट्टी २७ वर विमान उतरवून दाखवलं. घाटकोपर-कुर्ल्याची छपरं खालून सरकली, धावपट्टी आली, मी हलकेच नाक उचललं आणि चाकं कधी टेकली ते कळलंसुद्धा नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा उमटला : मिनिटाला ६२ फूट.

“बघ ताई, लोणी!” मी म्हटलं.

ताईनं आकड्याकडे पाहिलंच नाही. तिनं खिडकीतून मागे सरकलेल्या पट्ट्यांकडे बोट केलं. “लोणी ठीक आहे रे. पण टेकलास कुठे? अर्धी धावपट्टी मागे गेली की. मुंबईत खपून जाईल, रनवे लांब आहे. मी शेजारी बसले असते तर कधीच ‘गो-अराउंड’ म्हटलं असतं.”

मग ती स्वतः बसली. आठवड्यातून कित्येकदा खरं विमान उतरवणाऱ्या माणसानं माझ्या टेबलावर जे लँडिंग केलं ते पाहून मला हसू आवरेना. मिनिटाला ४१० फूट, वर एक उसळी, मग पुन्हा धप्प. ताईही हसली. म्हणाली, “अरे, मला जमिनीचा अंदाजच येत नाहीये. पाठीला काही कळतच नाही ना.”

म्हणजे जिला खरोखर येतं तिला इथे जमलं नाही आणि ज्याला खऱ्या विमानात कुणी थ्रॉटलला हातही लावू देणार नाही, त्याचं इथे लोणी झालं. या दोन लँडिंगांपैकी खरं कुठलं? आणि घरच्या सिम्युलेटरबद्दल ‘एकदम खऱ्यासारखं आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा नेमकं कशाबद्दल बोलत असतो?

शालू खरा, नट कुठाय?

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती १८ ऑगस्ट २०२० रोजी आली. फ्रान्समधल्या बोर्दो शहरातल्या असोबो स्टुडिओनं ती बनवली. लॉकडाउनमध्ये घरात अडकलेल्या जगाला अख्खी पृथ्वी खिडकीबाहेर मिळाली. उपग्रहाची आणि विमानातून घेतलेली छायाचित्रं, बिंगचे नकाशे, त्यावरून संगणकानं अंदाजानं उभी केलेली घरं आणि झाडं, खरं हवामान. प्रत्येकानं पहिल्यांदा काय केलं? आपलं घर शोधलं. मीही शोधलं. इमारत होती, गॅलरी नव्हती.

त्या वेळची बहुतेक परीक्षणं या दृश्यावरच लिहिली गेली. ढग किती खरे, सूर्यास्त किती खरा. चुकाही दृश्यातल्याच गाजल्या. मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत मधोमध एक आकाशाला भिडणारा सुळका उभा राहिला होता. खुल्या नकाशात कुणीतरी दोन मजल्यांच्या जागी २१२ लिहिलं होतं आणि संगणकानं ते इमानेइतबारे बांधून टाकलं. लोक हौसेनं त्या सुळक्याभोवती घिरट्या घालून आले.

मला इथे संगीत नाटकांचा काळ आठवतो. बालगंधर्वांच्या कंपनीत शालू खरे असत, अत्तर खरं असे, गालिचे खरे असत, आणि त्या खरेपणापायी कंपनी कर्जात बुडाली, हे मराठी माणसाला ऐकून ठाऊक आहे. पण प्रेक्षक भुलले ते शालूला का? शालू डोळ्यांना खरा होता. रुक्मिणी किंवा भामिनी खरी वाटत होती ती गळ्यामुळे, नजरेमुळे, नेमक्या क्षणी घेतलेल्या थांब्यामुळे. अंगावर साधं लुगडं असतं तरी ती खरी वाटली असती. उलट, नुसता शालू खुंटीवर टांगून ठेवला असता तर कुणी तिकीट काढलं नसतं.

घरच्या सिमनी गेल्या काही वर्षांत शालूवर अफाट खर्च केला आहे. मला तो हवाही आहे, उगाच साधेपणाचा आव आणत नाही. पण विमान उतरवणं हा सिममधला नटाचा प्रवेश आहे. तो शेवटच्या पन्नास फुटांत होतो, सहा-सात सेकंदांत संपतो, आणि त्या वेळी कुणी सूर्यास्ताकडे बघत नसतं.

आधी अंधार होता

गंमत म्हणजे सिम्युलेटरचा जन्म झाला तेव्हा त्याला खिडकीच नव्हती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनमध्ये एडविन लिंक नावाच्या तरुणाच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणाऱ्या पियानोंचा कारखाना होता. त्या वाद्यांतले भाते आणि हवेचे पंप वापरून त्यानं १९२९ मध्ये एक छोटं लाकडी विमान बनवलं. आत बसून दांडा हलवला की ते कलायचं, वळायचं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यासारखं करमणुकीसाठीच जास्त खपलं. १९३४ मध्ये अमेरिकी लष्कराकडे टपाल वाहून नेण्याचं काम आलं. खराब हवामानात, फक्त यंत्रांकडे बघून उडता न आल्यानं वैमानिक मरू लागले. तेव्हा लष्करानं लिंकची यंत्रं विकत घेतली. त्यात वैमानिकाच्या डोक्यावर झाकण असे. बाहेरचं काही दिसायचं नाही, समोर फक्त काटे. म्हणजे पहिल्या गाजलेल्या सिम्युलेटरनं उडणं शिकवलं, पण जमीन बघून उतरणं शिकवायची त्याची सोयच नव्हती.

पुढे खिडकी आली तीही अजब. मोठ्या खोलीत भिंतीएवढ्या फळीवर धावपट्टी, शेतं, घरं यांचं लहानसं मॉडेल उभारायचं, आणि वैमानिकाच्या हालचालीप्रमाणे त्यावरून टीव्हीचा कॅमेरा सरकवायचा. गणपतीच्या देखाव्यावरून मोबाइलचा कॅमेरा फिरवावा तसं.

घरातल्या संगणकावर हे आणलं ब्रूस आर्टविक यानं. १९७० च्या दशकात तो इलिनॉय विद्यापीठात संगणकावर उड्डाणाचं दृश्य कसं काढायचं यावर काम करत होता. दशक संपता संपता त्याचा सिम्युलेटर अ‍ॅपल टू वर आला. १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्याचाच सिम्युलेटर आयबीएम पीसीसाठी आणला. विमान शिकागोच्या मेग्ज फील्डवर उभं असायचं, तळ्याकाठची एक छोटी धावपट्टी. जमीन म्हणजे हिरवा रंग, शहर म्हणजे चार रेघा. तरीही त्या रेघांवर उतरताना लोकांचे तळहात घामेजत. २००३ च्या मार्चमध्ये शिकागोच्या महापौरांनी एका रात्रीत बुलडोझर लावून त्या खऱ्या धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. जगभरच्या लोकांनी हळहळ व्यक्त केली. त्यातल्या बहुतेकांनी मेग्ज फील्ड कधीच पाहिलेलं नव्हतं. ते तिथे फक्त उतरले होते, शेकडो वेळा.

चार रेघांची धावपट्टी खरी वाटू शकते आणि उपग्रहाच्या छायाचित्राची खोटी वाटू शकते. म्हणजे खरेपणा दुसरीकडे कुठेतरी आहे.

शेवटचे पन्नास फूट

प्रवासी विमान साधारण तीन अंशांच्या उतारावरून खाली येतं. वेग १४० नॉट धरला, म्हणजे ताशी सुमारे २६० किलोमीटर, तर ते मिनिटाला सातशे फुटांच्या आसपास खाली येत असतं. धावपट्टीच्या कडेवरून जाताना चाकं जमिनीपासून पन्नासेक फुटांवर असतात. काहीच केलं नाही तर चार-साडेचार सेकंदांत आपटतील. म्हणून वैमानिक नाक किंचित उचलतो, थ्रॉटल मागे घेतो. यालाच फ्लेअर म्हणतात. ए३२० मध्ये तो साधारण तीस फुटांवर सुरू होतो. यंत्राचा आवाज उंची मोजत असतो : पन्नास, चाळीस, तीस, वीस. वीसला एअरबस थ्रॉटल मागे घ्यायची आठवण करते.

त्याच वेळी हवा वागणं बदलते. पंख जमिनीपासून आपल्या लांबीएवढ्या उंचीच्या आत आले, की पंखांच्या टोकांपाशी तयार होणारे भोवरे जमिनीमुळे दबतात आणि हवेचा विरोध कमी होतो. हा ग्राउंड इफेक्ट. शेवटच्या काही मीटरमध्ये तो सर्वात जास्त जाणवतो. वेग थोडा जास्त असेल तर विमान खाली बसायलाच तयार नसतं. तरंगत राहतं. आणि तरंगणं फुकट नसतं. या वेगानं दर सेकंदाला सत्तर मीटर धावपट्टी मागे जाते. पाच सेकंद तरंगलात की साडेतीनशे मीटर गेले.

सिमनं नेमकं हेच दाखवायचं असतं. हवेचं गणित करण्यात घरचे सिम आज खूपच पुढे आहेत. ऑस्टिन मायरचा एक्स-प्लेन १९९० च्या दशकापासून पंखाचे, पंख्याच्या पात्याचे छोटे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यावरचा जोर वेगळा मोजतो. म्हणून त्यात विमान एका बाजूनं आधी ‘थकतं’, वाऱ्याचा झोत एका पंखाला आधी लागतो. मायक्रोसॉफ्टच्या नव्या सिमनंही असाच रस्ता धरला. या दोघांत कुठला जास्त खरा यावर मित्रांची भांडणं होतात. मी दोन्ही उडवतो. माझं मत असं : हवेत असताना मायक्रोसॉफ्टचं जग जास्त खरं, जमिनीपासून वीस फुटांवर एक्स-प्लेनचं विमान जास्त जड. पण ‘जड’ हा शब्द माझ्या डोळ्यांचा आहे. त्याला फूटपट्टी नाही.

यात एक गोष्ट मला फार आवडते. एअरबसची जॉयस्टिक सोडून दिली तरी विमान ठरलेला मार्ग धरून राहतं, संगणक ते सांभाळतो. त्यामुळे फ्लेअरच्या वेळी जुन्या विमानात दांडा जसा मागे ओढत राहावा लागतो, तशी गरज मुळात उरली नसती. मग अभियंत्यांनी काय केलं? विमान तीस फुटांखाली आलं की संगणक स्वतःहून नाक हळूहळू खाली आणायला लागतो, म्हणजे वैमानिकाला ते ओढून धरावंच लागतं. विमान उतरवणं हे विमान उतरवल्यासारखं वाटावं, यासाठी खऱ्या विमानातच ही व्यवस्था केलेली आहे! खरेपणाचा भास तयार करणं ही सिमचीच गरज आहे असं समजू नका. फ्लाय-बाय-वायर नावाचा एक हौशी मंडळींचा गट ए३२० चं मोफत, खुलं रूप मायक्रोसॉफ्टच्या सिमसाठी बनवतो. त्यांनी ही नाक खाली आणण्याची खोडीही त्यात घातली आहे. टीका करायला बसलो की अशा कामाची नोंद आधी घ्यावी. शालू विणणारे पुष्कळ आहेत, नटाला तालीम देणारे कमी.

डोळा, हात, पाठ

मग हवेचं गणित इतकं बरं असूनही ताईला जमिनीचा अंदाज का आला नाही?

पहिलं कारण डोळा. दुसऱ्या महायुद्धात जेम्स गिब्सन हा अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हवाई दलासाठी काम करत होता. उतरताना वैमानिकाला नेमकं काय दिसतं, यावर त्यानं विचार केला. त्याचं म्हणणं असं, की आपण ज्या बिंदूकडे जात असतो तो बिंदू डोळ्यांपुढे स्थिर राहतो आणि बाकीचं सगळं जग त्याच्यापासून बाहेरच्या बाजूला वाहत जातं. या वाहण्यावरून आपल्याला वेग आणि उंची कळते. शेवटच्या क्षणी तर हा प्रवाह डोळ्यांच्या कोपऱ्यांतून जातो. धावपट्टीच्या कडा दोन्ही बाजूंनी वर येतात, तेव्हा जमीन जवळ आल्याचं कळतं.

आता माझा मॉनिटर घ्या. सत्तावीस इंची, डोळ्यांपासून दोन फुटांवर. तो माझ्या नजरेचे जेमतेम ५०-५५ अंश व्यापतो. माणसाला दोन्ही डोळ्यांनी मिळून २०० अंशांच्या आसपास दिसतं. म्हणजे ज्या कोपऱ्यांतून जमीन कळते तिथे माझ्याकडे भिंत आहे, भिंतीवर कॅलेंडर आहे. त्यात सिम काय करतो, तर त्या पन्नास अंशांच्या चौकटीत जास्त रुंद दृश्य दाबून बसवतो, म्हणजे पॅनेलवरची सगळी यंत्रं दिसावीत. मग धावपट्टी आहे त्यापेक्षा लांब आणि लहान दिसते. मोबाइलवर इन्फिनिट फ्लाइट खेळणाऱ्यांचं तर विचारूच नका. आडवा धरलेला फोन नजरेचे तीसेक अंशही व्यापत नाही. अख्खा विमानतळ एका आगपेटीतून बघायचा.

आम्ही सिमवाले यावर एक जुगाड करतो, नकळत. जमीन दिसण्यावर अवलंबून न राहता यंत्राचा आवाज ऐकतो. ‘तीस’ म्हणालं की ओढ, ‘वीस’ म्हणालं की थ्रॉटल. माझं ६२ फुटांचं लोणी असं कानांनी झालं होतं. ताई डोळ्यांनी उतरवायला गेली आणि फसली.

दुसरं कारण हात. घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग असते. ती नेहमी मध्यभागी ओढते, वेग कितीही असो. छोट्या सेस्नात दांडा तारांनी थेट शेपटीला जोडलेला असतो. वेग कमी झाला की तो हातात ढिला पडतो, पंखांना आता बळ उरलं नाही हे तळहाताला कळतं. स्प्रिंगला हे सांगता येत नाही. एअरबसच्या खऱ्या जॉयस्टिकमध्येही मात्र स्प्रिंगच असते, हवेचा जोर तिच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणजे उलटाच प्रकार झाला. लोकांना वाटतं, घरी सेस्ना उडवणं सोपं आणि खरं, मोठं विमान म्हणजे खेळ. हाताच्या बाबतीत तरी घरच्या टेबलावर चार माणसांच्या सेस्नापेक्षा दीडशे माणसांचं एअरबस जास्त प्रामाणिक आहे.

तिसरं कारण पाठ. खंबाटकीच्या घाटात एसटीत डोळे मिटून बसलात तरी वळण कुठे आलं, ड्रायव्हरनं ब्रेक कधी दाबला, हे कळतं. कानातल्या आतल्या भागाला आणि बुडाला कळतं. विमान खाली बसतंय की तरंगतंय, हे वैमानिकाला आधी तिथे कळतं, नंतर डोळ्यांना. विमान कंपन्यांचे कोट्यवधींचे सिम्युलेटर सहा दट्ट्यांवर हलतात ते यासाठी. तेही खरा वेग देऊ शकत नाहीत. खोली पुढे जाणार कुठे? म्हणून ते एक लबाडी करतात. वेग वाढताना आख्खं कॉकपिट मागे कलवतात. बाहेरचं दृश्य सरळ ठेवलेलं असतं, त्यामुळे पाठीला टेकलेलं वजन म्हणजे जोरात पुढे चाललो आहोत असं कानाला वाटतं. खरं वाटणं म्हणजे शरीराशी केलेली अशीच एक तडजोड. ती इतकी चांगली जमते, की अनुभवी वैमानिक नव्या जातीच्या विमानाचं प्रशिक्षण सगळं सिम्युलेटरवर घेऊन, पहिल्यांदा खरं विमान उतरवतात तेव्हा मागे प्रवासी बसलेले असू शकतात.

माझ्या खुर्चीखाली मित्रानं एक दणका देणारा स्पीकर बसवून दिला आहे. चाकं टेकली की खुर्ची थरथरते. पहिले दोन दिवस मस्त वाटलं. मग लक्षात आलं, तो टेकल्याची बातमी देतो, टेकणार आहे हे सांगत नाही. पाठीला बातमी नको असते, सूचना हवी असते.

लोण्याचा हव्यास

इथवर जे सांगितलं ती साधनांची मर्यादा. मॉनिटर मोठा घेतला, व्हीआर चष्मा लावला, तर ती थोडी मागे सरकते. पण ताईनं बोट ठेवलं ते दुसऱ्याच दुखण्यावर. ते आपण, म्हणजे खेळणाऱ्यांनी, स्वतः तयार केलं आहे.

सिमच्या जगात चांगल्या लँडिंगला एकच विशेषण आहे : बटर. व्हिडिओ बघा, शॉर्ट्स बघा, सगळीकडे टेकतानाचा आकडा. मिनिटाला शंभरच्या आत असेल तर टाळ्या, तीनशेच्या वर असेल तर टर. खेळांमध्येही लँडिंगला गुण मिळतात, किती नेमकं आणि किती मऊ टेकलात यावर. नेमकेपणाचे गुण कुणी स्क्रीनशॉट काढून पाठवत नाही. मऊपणाचे पाठवतो.

वस्तुस्थिती काय आहे? मोठ्या विमानांची रचनाच अशी असते, की उतरताना चालणाऱ्या कमाल वजनासह ती सेकंदाला दहा फूट, म्हणजे मिनिटाला सहाशे फूट वेगानं टेकली तरी सांगाडा टिकला पाहिजे. दीडशे-दोनशेचं टेकणं त्याला काहीच नाही. ओल्या धावपट्टीवर तर वैमानिकांना जरा ठामपणे टेकवायलाच शिकवतात. चाकांनी पाण्याचा थर फोडावा, ती लगेच फिरायला लागावीत, पंखांवरच्या फळ्या उघडाव्यात, ब्रेक धरावेत. म्हणजे ज्या पावसात मी ताईला लोणी दाखवलं, त्या पावसात लोणी ही चूक होती.

२२ मे २०१० रोजी मंगळुरूला दुबईहून आलेलं विमान टेबलासारख्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवर उतरताना पुढे दरीत गेलं. १५८ माणसं गेली. ते उतारापेक्षा खूप वरून येत होतं, आणि टेकलं तेव्हा आठ हजार फुटांच्या धावपट्टीतले सुमारे पाच हजार दोनशे फूट संपले होते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला, पावसात, पाठीमागून वारा असताना, विमान जवळपास अर्ध्या धावपट्टीवर टेकलं आणि टोकावरून खाली गेलं. २१ माणसं गेली. त्यानंतर अकरा दिवसांनी मायक्रोसॉफ्टचा नवा सिम आला आणि आम्ही ढगांचे फोटो टाकत बसलो.

या दोन्ही अपघातांत कुणी मऊ टेकायच्या नादात होतं असं मी म्हणत नाही. कारणं वेगळी होती, गुंतागुंतीची होती. उतरण्याच्या आधीचा मार्गच बिघडलेला होता, आणि तरीही उतरणं सुरू ठेवलं गेलं. मी म्हणतो ते एवढंच, की चांगल्या लँडिंगचे प्रश्न क्रमानं असे आहेत : मार्ग स्थिर होता का? वेग बरोबर होता का? ठरलेल्या जागी, मधल्या रेषेवर टेकलो का? नसेल तर परत फिरलो का? आणि सगळ्यात शेवटी, टेकणं मऊ होतं का? आम्ही ही यादी उलटी टांगली आहे. तळाचा प्रश्न वर आणला, कारण त्याला आकडा आहे, आणि आकडा स्क्रीनशॉटमध्ये मावतो.

समीक्षेत आपण नेहमी म्हणतो, की कलाकृती काय दाखवते यापेक्षा ती कशाला महत्त्व देते ते बघावं. हाच नियम इथे लावला तर माझा आक्षेप सिमच्या चित्रांवर नाही, हवेवर नाही. आक्षेप बक्षिसावर आहे. परत फिरण्याला, म्हणजे गो-अराउंडला, गुण देणारं एकही चॅलेंज मला आजवर भेटलेलं नाही. खऱ्या वैमानिकाच्या शिक्षणात जो निर्णय सगळ्यात मोठा मानला जातो, तो खेळात हरल्यासारखा दिसतो. अडलं की पॉज दाबा, पुन्हा तीन मैलांवरून सुरू करा. मी एका रात्रीत वीस लँडिंग करतो. ताईला महिन्यात मोजकी मिळतात, तीही कॅप्टनबरोबर वाटून घेऊन. म्हणून तिच्या प्रत्येक लँडिंगला आधी आणि नंतर असतं. आधी चार तासांचा थकवा, नंतर कागदपत्रं. माझ्या लँडिंगला आधीही नाही, नंतरही नाही.

मग काय करायचं?

सिम बंद करा, असं मी सांगणार नाही. मला तो प्रिय आहे. सॅन अँड्रियासमधल्या त्या वाळवंटातल्या फ्लाइंग स्कूलनं ज्यांची अख्खी सुट्टी खाल्ली, त्यांना हे प्रेम समजेल. पण ताई गेल्यावर मी चार गोष्टी बदलल्या, आणि लँडिंग आधीपेक्षा खरं वाटायला लागलं. एक रुपयाही लागला नाही.

टेकल्याचा आकडा दाखवणारं साधन काढून टाकलं. तसंही एकाच लँडिंगला दोन साधनं दोन आकडे दाखवतात. कॉकपिटचं दृश्य थोडं मोठं केलं. खालची काही यंत्रं दिसेनाशी झाली, पण धावपट्टी खऱ्या आकाराच्या जवळ आली. खुर्ची पुढे ओढली, नाक मॉनिटरला लागेल इतकी. आईनं विचारलं, डोळे बिघडलेत का. तिसरं, नजर धावपट्टीच्या जवळच्या टोकावरून उचलून लांबच्या टोकाकडे न्यायची सवय लावली. कडा वर यायला लागल्या की ओढायचं. पहिल्या पंधरा लँडिंगांत मी ताईपेक्षा वाईट आपटलो.

आणि चौथं, एक नियम केला. एक हजार फुटांवर वेग, उतार, चाकं, फ्लॅप यांतलं काहीही जागेवर नसेल तर परत फिरायचं. टेकायच्या जागेच्या पलीकडे तरंगलो तरी परत फिरायचं. पॉज नाही, रीस्टार्ट नाही. पूर्ण चक्कर मारायची, दहा-बारा मिनिटांची.

ही चौथी गोष्ट बाकी तिन्हींपेक्षा जास्त कामाची निघाली. चुकलो तर दहा मिनिटं जाणार हे ठाऊक असलं, की पाचशे फुटांवर हात घट्ट होतात. एवढ्या वर्षांत महागड्या चित्रांनी जे केलं नाही ते या दहा मिनिटांच्या दंडानं केलं. चुकीची काही किंमत असली की लँडिंग खरं वाटतं, आणि ती किंमत कुणी विकत आणून देत नाही, आपली आपण ठरवावी लागते.

परवा रात्री पुन्हा मुंबई, पुन्हा २७, पुन्हा पाऊस. मार्ग बरा होता, शेवटी वारा बदलला, वेग दहा नॉट वर गेला. तीस, वीस, आणि विमान बसेना. जुन्या सवयीनं वाटलं, धरून ठेव, लोणी होईल. पट्ट्या मागे गेल्या. मी थ्रॉटल पुढे ढकलला.

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “अरे, उतरलं का नाही तुझं विमान? पानं घेतलीत.”

“नाही ग, परत फिरलो. दहा मिनिटं थांब.”